रक्तपेढीची डिस्क भरली तेव्हा

रक्तपेढीत तिचं खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरलं जाई. एरवी ती सर्व्हरबाई. शीतगृहाच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे सर्व्हर, एक हात मोडलेली खुर्ची आणि बाईंचा कायमचा राखाडी स्वेटर असे तिघं राहत. पिशवी कोणत्या गटाची, कोणाकडून आली, तपासणीत काय निघालं, कधी बाहेर गेली, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये होतं, तो सांभाळायचं काम बाईंचं. त्या कामात त्यांना ना हाताखाली कोणी होतं, ना डोक्यावर कोणी समजणारं.

मशीनं दोन होती. शीतगृहामागचं मोठं, त्याचं नाव बाईंनी 'थोरली' ठेवलं होतं. जिन्याखालच्या खोलीत जुनं, छोटं मशीन होतं, ते 'धाकटी'. थोरलीवर जे जे नोंदलं जाई ते लगोलग धाकटीकडे पोचे. बाईंना घरी एक जाऊ होती, आणि या व्यवस्थेची कल्पना कुठून आली असं कोणी विचारलं तर त्या विषय बदलत.

बाईंची काही ठाम मतं होती. ती त्या इलेक्ट्रिशियनला, झाडूवाल्या मावशींना, कोणालाही ऐकवत. बॅकअप घेतला म्हणजे काम झालं नाही, तो परत उघडून पाहिला की झालं. मशीन बिघडलं की पहिल्यांदा आपले हात खिशात घालायचे. मावशी म्हणत, "माझ्या साडीला खिसा नाही," आणि पुसायला लागत.

रक्तपेढीचे प्रमुख म्हणजे मोठे डॉक्टर. माणूस भला, पण कुठलीही किल्ली आपल्याकडे नाही या विचाराने त्यांना झोप लागत नसे. थोरलीचा मुख्य पासवर्ड आपल्यालाही हवा, म्हणून ते वर्षभर बाईंच्या मागे लागले होते.

"उद्या तुम्हाला काही झालं तर?" डॉक्टर म्हणाले.

"मला काय होणार?"

"काहीही होऊ शकतं. मी डॉक्टर आहे, मला माहीत आहे."

शेवटी बाईंनी हार मानली. त्यांनी पासवर्ड दिला. वापरायचा कसा आणि कधी नाही वापरायचा, ते पुढच्या आठवड्यात बसून सांगू असं ठरलं. तो पुढचा आठवडा बरेच महिने पुढेच राहिला.

बाईंच्या हातूनही एक गोष्ट राहून गेली होती. डिस्क भरत आली की थोरली मेल पाठवायची. सुरुवातीला ती उगीचच रोज कटकट करी, म्हणून बाईंनी ते सगळे मेल आपोआप एका कप्प्यात जातील अशी सोय केली आणि त्या कप्प्याला 'नंतर बघू' असं नाव दिलं. पुढे थोरलीची तक्रार खरी झाली, पण तेव्हा ती ऐकायला कोणी नव्हतं.

डिस्क भरायचं कारण म्हणजे नवा स्कॅनर. रक्तदात्यांचे सहीचे अर्ज आता स्कॅन करून ठेवायचे होते. बसवणाऱ्याने स्कॅनर सगळ्यात वरच्या दर्जावर लावून दिला. त्यामुळे प्रत्येक अर्जाचं चित्र असं येई, की फ्रेम करून भिंतीवर लावावं. ही चित्रंही थोरलीच्याच डिस्कवर साठत होती. मग एक दिवस एका कारखान्यात रक्तदान शिबिर झालं. कामगार रांगा लावून आले, पिशव्यांचा ढीग लागला आणि अर्जांचाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा घेतली होती. सासऱ्यांचं, अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नवरा जहाजावर, जाऊ आणि दीर गावाला, तेव्हा अण्णांना दवाखान्यात न्यायचं बाईंकडे आलं. अण्णा आयुष्यभर पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होते. त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. प्रतीक्षागृहात ते शेजारच्या माणसाला आपल्या डोळ्याबद्दल सांगत होते आणि ते रस्त्यापलीकडच्या लोकांनाही कळत होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन बंद ठेवायचा नियम होता. बाईंनी तो पाळला. अण्णांना आत नेलं, बाई बाहेर बाकावर बसल्या आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा काहीही न करता बसून राहिल्या. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

अण्णा बाहेर आले. डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली, आणि चेहऱ्यावर पोहण्याची शर्यत जिंकल्याचा भाव. नर्सने दोन बाटल्या हातात ठेवल्या. एक लाल झाकणाची, एक पांढऱ्या. "आधी लाल, मग पाच मिनिटं थांबायचं, मग पांढरी. घाई केलीत तर पहिलं औषध वाहून जातं. आणि हात धुऊन. रात्री झोपेपर्यंत दर तासाला."

बाईंनी फोन चालू केला. फोन बराच वेळ थरथरत राहिला. मोठ्या डॉक्टरांचे न घेतलेले कॉल एकाखाली एक उतरत होते.

"बाई, एकदाच्या भेटलात!" पलीकडून डॉक्टर म्हणाले. "काळजी करू नका, मी सगळं हाताळलंय."

बाईंनी विचारलं, "काय हाताळलंय?"

"सकाळी कोणाचीच नोंद होईना. डिस्क भरली असं येत होतं. मग मी पासवर्ड वापरून आत गेलो आणि जागा केली."

"कशी केली?"

"विशेष काही नाही. फक्त लॉग उडवले. चांगल्या मोठमोठ्या फाइली होत्या. आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर मुलगा नेहमी उडवतो, त्याने काही होत नाही."

बाई बाकावरून उठल्या आणि परत बसल्या. डेटाबेस कुठलीही गोष्ट करण्याआधी ती लॉगमध्ये लिहून ठेवतो, आणि मग तिच्या जागी नोंदवतो. मध्येच बंद पडला तर उठल्यावर तो लॉग वाचतो आणि अर्धवट राहिलेलं पुरं करतो. म्हणजे लॉग हा कचरा नव्हता, डेटाबेसचं भान होतं. नावानेच घात केला होता. शहाणी शहाणी माणसं या नावाला फसलेली बाईंनी ऐकली होती. फक्त ती दुसऱ्यांच्या ऑफिसातली होती.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग मी ते बंद करून चालू केलं."

"आणि?"

"बंद छान झालं," डॉक्टर म्हणाले. "चालू होत नाहीये."

"डॉक्टर, आता कोणीही काही करू नका. हात मागे घ्या."

"मागेच आहेत."

"तुफानला सांगा, त्या खोलीला बाहेरून कडी लावायची. मी येतेय."

तुफान म्हणजे तपासणी विभागातली तंत्रज्ञ. ती एक वाक्य बोलेपर्यंत दुसऱ्याची कॉफी थंड व्हायची, म्हणून तिला तुफान म्हणत.

अण्णांना घरी सोडायचं तर रक्तपेढी उलट्या दिशेला, आणि घरी औषध घालायला कोणी नाही. बाईंनी टॅक्सी थांबवली. "अण्णा, जरा ऑफिसात जावं लागेल. चालेल?"

"मला काय, एका डोळ्याने जग बघायचंय. ऑफिस तर ऑफिस," अण्णा म्हणाले. टॅक्सीवाल्याने दचकून आरशात पाहिलं.

रक्तपेढीत बोंबाबोंब असेल असं बाईंना वाटलं होतं. तसं काही नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी बाह्या वर सारून काम कागदावर आणलं होतं. बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी दोन माणसं बघत, नंबर मोठ्याने वाचत आणि दोघं सह्या करत. सावकाश, पण चुकीला वाव नाही. डॉक्टरांना कॉम्प्युटरमधलं कळत नसलं तरी रक्तातलं पक्कं कळत होतं. अडचण एकच होती. शिबिरातल्या नव्या पिशव्यांचे तपासणीचे निकाल डेटाबेसमध्ये होते. निकालाशिवाय पिशवी सोडायची नाही, म्हणून शीतगृहाचा एक आख्खा कप्पा भरलेला असून नसल्यासारखा होता.

बाईंनी अण्णांना रक्तदात्यांच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं आणि खोलीत गेल्या. थोरलीचे पंखे नेहमीसारखे घोंघावत होते. तिच्याकडे बघून कोणी म्हणालं नसतं की हिला आपण कोण हे आठवत नाही.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. "बाई, धाकटीवर सगळं आहे ना? मग लगेच..."

"लगेच काही नाही," बाई म्हणाल्या. "आधी हिची आहे तशी कॉपी काढून ठेवते. बिघडलेली, तरी."

"बिघडलेल्याची कॉपी कशाला?"

"मी आणखी बिघडवलं तर निदान इथवर तरी परत येता येईल."

डॉक्टर मान हलवून गेले. हे त्यांना पटलं होतं. ऑपरेशनच्या आधी एक्स-रे काढतात, तसंच काहीतरी.

बाहेरची डिस्क जोडली. कॉपी सुरू झाली. त्यात ती डिस्क काठोकाठ भरणार होती, आणि दुसरी डिस्क नव्हती. म्हणजे धाकटीचीही कॉपी काढायची तर डिस्क आणायला कोणाला तरी बाजारात पाठवायला हवं होतं. बाईंच्या मनात ते आलंही. पण दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन "अजून किती?" विचारत होतं. आणि धाकटी तर ठणठणीत होती. हात लावण्याआधी कॉपी काढायची, हे स्वतःचंच मत बाईंनी धाब्यावर बसवलं आणि पुढे गेल्या. नेहमीचा बॅकअपही होता, पण तो शिबिराच्या आधीचा. शिबिराचं सगळं, सकाळी डिस्क भरेपर्यंतचं, आता एकट्या धाकटीकडे होतं.

एवढ्यात तुफान आली. तिचा चेहरा बघून बाई समजल्या की घाईचं काही आहे, पण वाक्य पुरं होईपर्यंत थांबावंच लागलं. समोरच्या रुग्णालयात एक बाई बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. गट दुर्मीळ. जुन्या साठ्यातल्या त्या गटाच्या पिशव्या गेल्या होत्या. उरलेल्या सगळ्या शिबिरातल्या.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हणाले... बाईंना घाई करू नका सांग... आणि तू माझ्याबरोबर चल."

हॉलच्या पलीकडे तपासणीचं यंत्र होतं. त्याच्या स्वतःच्या पोटात थोड्या दिवसांचे निकाल राहत. डॉक्टर त्याच्या छोट्या पडद्यापुढे स्टूल ओढून बसले, चष्मा कपाळावर सारला आणि एकेक पिशवीचा निकाल शोधून मोठ्याने वाचायला लागले. तुफान पिशवीवरचा नंबर वाचून पडताळत होती. तिच्या सावकाशीचा डॉक्टरांना एरवी राग यायचा. आज ते तिच्याच चालीने चालले होते. जुळणी करून झाली तशा पिशव्या थंड पेटीत घालून माणूस धावत रस्ता ओलांडून गेला. मग डॉक्टर तिथेच बसून राहिले, पुढची मागणी येईल म्हणून.

बाईंना हे खोलीतून ऐकू येत होतं. नंबर, निकाल, नंबर, निकाल. त्या आवाजाने हात भराभर चालायला लागले. थोरलीची कॉपी पुरी झाली होती. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडलेल्या, एक थोरलीची, एक धाकटीची. एकसारख्या रंगाच्या, एकसारख्या आकाराच्या. आता थोरलीवरचा मोडका डेटा पुसायचा, आणि रिकाम्या जागी धाकटीवरून सगळं आणायचं. बाईंनी पुसायचा हुकूम टाइप केला. फक्त एन्टर दाबायचं राहिलं.

"अगं!" हॉलमधून अण्णांचा आवाज आला. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "औषधाची वेळ झाली!"

बाईंनी दात-ओठ खाल्ले. पण डोळा तो डोळा. त्या उठल्या, हात धुतले आणि हॉलमध्ये गेल्या.

अण्णांच्या हातात फळांचा रस होता आणि मांडीवर बिस्किटांचा पुडा. हॉलमधल्या कार्यकर्तीने त्यांना रक्तदाता समजून रस दिला होता, वर थोडा वेळ पाय वर करून पडा असंही सांगितलं होतं. अण्णांनी कसलाही गैरसमज दूर केला नव्हता.

"बिस्किटं मऊ पडलीत," अण्णा म्हणाले.

"मान मागे करा."

लाल झाकणाच्या बाटलीचा थेंब पडला. आता पाच मिनिटं. बाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्या. उठून जाऊन परत येण्याइतका वेळ होता, पण मग पुन्हा हात धुवा. म्हणून बसूनच राहिल्या. अण्णा डोळे मिटून कार्यकर्तीच्या स्वभावाचं कौतुक करत होते. बाईंचं लक्ष नव्हतं. शेवटी पांढऱ्या बाटलीचा थेंब पडला. "हलू नका," म्हणून बाई परत खोलीत आल्या.

मधल्या वेळात पडदा झोपला होता. तो जागा केला. आपण कुठवर आलो होतो ते बाईंना पटकन आठवेना, म्हणून ओळ पहिल्या अक्षरापासून वाचली. ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव असतं.

तिथे 'धाकटी' लिहिलं होतं.

बाईंनी दोन्ही हात उचलले आणि स्वेटरच्या खिशात घातले. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन जागच्या जागीच होती, फक्त बाईंना तिच्यावर बसावंसं वाटलं, आणि त्या बसल्या. शिबिरात हात पुढे केलेल्या सगळ्या कामगारांचं रक्त त्या ओळीवर होतं. एन्टर दाबलं असतं तर डॉक्टरांनी सकाळी जे केलं त्यापेक्षा मोठं काम बाईंनी दुपारी केलं असतं, आणि तेही सगळं कळत असताना.

बाहेर डॉक्टर नंबर वाचतच होते.

थोड्या वेळाने बाई उठल्या. हुकूम एकेक अक्षर मागे घेत खोडला. मग दारात जाऊन मावशींना हाक मारली आणि पैसे देऊन नवीन डिस्क आणायला पाठवलं.

"घाई आहे का?" मावशींनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आता नाही."

मावशी येईपर्यंत बाईंनी एकच काम केलं. धाकटीच्या खिडकीचा रंग बदलून लालभडक केला. डोळ्यांना त्रास होईल असा. मग डिस्क आली, धाकटीची कॉपी निघाली, ती उघडून पाहिली, आणि मगच बाईंनी थोरली पुसली. पुसण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरीही.

दिवेलागणीच्या सुमारास थोरली उठली. डॉक्टर आत आले. या वेळी पाऊल आत टाकलं.

"चालू झालं ना? मग उघडा सगळ्यांना."

"चालू झालंय. खरं बोलतंय का ते बघू या."

"म्हणजे?"

"शीतगृहातल्या पिशव्या मोजायच्या आणि डेटाबेस काय म्हणतो त्याच्याशी ताडायच्या."

"आत्ता?"

"तुम्ही न जुळवता रक्त चढवता का?"

डॉक्टरांनी कोट अंगात चढवला आणि स्वतः शीतगृहात शिरले. दार उघडं ठेवून ते आतून ओरडत, बाई बाहेरून पडद्यावर बघत. आकडे जुळले नाहीत. दिवसभरात कागदावर दिलेल्या पिशव्या डेटाबेस अजून आत आहेत म्हणत होता. त्या उघड होत्या, त्या वळत्या केल्या. तरी काही पिशव्या अशा उरल्या, की ज्यांचा निकाल डेटाबेसला ठाऊकच नव्हता. डिस्क भरल्यानंतर सकाळी ज्यांचे निकाल लागले त्या या. यंत्राच्या पडद्यावरून त्या एकेक करून पुन्हा नोंदवल्या. तुफान वाचत होती, बाई टाइप करत होत्या आणि डॉक्टर शेजारी उभं राहून तपासत होते. मधे बाई दोनदा हात धुऊन हॉलमध्ये जाऊन आल्या. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा कार्यकर्ती अण्णांकडून पाठीवर तरंगायचं कसं ते खुर्चीत बसल्या बसल्या शिकत होती.

शेवटी आकडे जुळले. तेवढ्यात समोरच्या रुग्णालयातून फोन आला. रक्तस्राव थांबला होता, बाळंतीण शुद्धीवर होती आणि भूक लागली म्हणत होती. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या डोळ्यावरची वाटी निघाली. घरी आल्या आल्या त्यांनी कपाटावरची धूळ, छताचा पोपडा आणि सुनेचे पांढरे केस, या क्रमाने पाहिलं आणि तिन्ही गोष्टी जोरात सांगितल्या. बाई ऑफिसला निघून गेल्या.

ऑफिसात विश्वस्तांच्या समितीला अहवाल द्यायचा होता. घडलं काय आणि जबाबदार कोण. डॉक्टरांनी आपल्या हाताने लिहून आणलं होतं: लॉग मी उडवले, दोष माझा, सही.

"हे असं नाही चालणार," बाई म्हणाल्या.

"का? खरं आहे."

"अपुरं आहे." बाईंनी आपला कागद पुढे केला. त्यात अर्जांची चित्रं आणि डेटाबेस एकाच डिस्कवर ठेवल्याचं होतं. 'नंतर बघू' कप्प्याचं होतं. पासवर्ड दिला पण शिकवलं नाही, हे होतं. डॉक्टर वाचत शेवटच्या परिच्छेदापाशी आले आणि थांबले. धाकटीची कॉपी न काढताच आपण पुढे गेलो आणि तिच्यावर पुसायचा हुकूम टाइप केला होता, असं बाईंनी लिहिलं होतं.

"हे कधी झालं?"

"तुम्ही यंत्रापुढे बसला होता तेव्हा."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. सासरे होते, पण हॉलमध्ये. आणि त्यांचे डोळे मिटलेले होते."

डॉक्टर कागद खाली ठेवून म्हणाले, "बाई, काही झालं तर नाही ना? हे लिहिलंच पाहिजे का?"

"चुकीची पिशवी रुग्णाला लावता लावता कोणाच्या लक्षात आलं आणि थांबवली, तर तुम्ही लिहिता की नाही?"

"लिहितो. त्याला वेगळा रकाना आहे."

"मग हा तोच रकाना."

डॉक्टरांनी आपला कागद दुमडून खिशात घातला आणि बाईंच्या कागदावर खाली सही केली. सही कोणाची वर यावी यावरून थोडी हुज्जत झाली. दोघंही आपलीच वर हवी म्हणत होते.

समितीची बैठक झाली. समितीने अहवाल शांतपणे ऐकला. एका सदस्याने स्कॅनर कोणाच्या परवानगीने घेतला ते विचारलं. दुसऱ्या सदस्याने कागदावर बोट ठेवून विचारलं, की या थोरली नावाच्या कर्मचारी एवढा वेळ बंद होत्या, तर त्यांना अजून निलंबित का केलं नाही? बाई म्हणाल्या, त्यांची प्रकृती आता ठीक आहे. सदस्यांनी समाधान व्यक्त केलं. नवी डिस्क मंजूर झाली.

अर्जांची चित्रं नव्या डिस्कवर गेली. स्कॅनरचा दर्जा माणसात आणला. डिस्कची तक्रार आता बाईंबरोबर डॉक्टरांच्या आणि तुफानच्या फोनवरही जायला लागली, आणि ती रोज न येता खरोखर भरत आली तरच येईल, असं बाईंनी बसून नीट केलं. पासवर्ड डॉक्टरांनी परत करायला आणला होता. बाईंनी तो घेतला नाही. त्याऐवजी खुर्ची ओढली आणि राहिलेलं शिकवणं सुरू केलं.

मग एका दिवशी भर दुपारी, काहीही बिघडलेलं नसताना, बाईंनी तालीम ठेवली. एक रिकामं मशीन घ्यायचं, त्यावर बॅकअपमधून सगळी रक्तपेढी उभी करायची, आणि हे बाईंनी नाही, डॉक्टरांनी करायचं. बाई हात स्वेटरच्या खिशात घालून मागे उभ्या राहिल्या. तुफान कागदावरची एकेक पायरी वाचत होती. डॉक्टर ती टाइप करत आणि दाबण्यापूर्वी मान वळवून बाईंकडे बघत. बाई छताकडे बघत.

डेटाबेस उभा राहिला. पिशव्या आल्या, गट आले, निकाल आले. डॉक्टरांचा चेहरा फुलला. त्यांनी उत्साहाने एका रक्तदात्याचं नाव उघडलं, त्याच्या सहीच्या अर्जावर बोट ठेवलं, आणि पडद्यावर रिकामा पांढरा चौकोन आला. दुसरा उघडला. तोही पांढरा.

बाईंचा हात खिशातून बाहेर आला. चित्रं नव्या डिस्कवर हलवली, पण बॅकअपला ती डिस्क आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बाईंनीच.

"फसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"फसलं," बाई म्हणाल्या. "बरं झालं."

"जेवून... पुन्हा करू या का?" तुफान म्हणाली. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत डॉक्टर खुर्चीतून उठले होते आणि बाईंनी बॅकअपच्या यादीत नवी डिस्क घालायला घेतली होती. जेवण झाल्यावर तिघं परत आले. या खेपेला डॉक्टरांनी बाईंकडे वळून पाहिलं नाही, आणि अर्ज उघडला तेव्हा त्यावर कोण्या कामगाराची वाकडीतिकडी सही स्पष्ट दिसत होती.